राजाची सनद आणि हेडक्लार्कची फाइल

'विचारा की!' हे सदर एरवी वारसनोंद, घरपट्टी आणि जन्मदाखल्यावर चुकलेलं नाव यांच्यावर चालतं. या महिन्यात मात्र पाच पत्रं इंग्लंडच्या राजाबद्दल आली आणि त्याला कारण मीच. मागच्या अंकात घरपट्टीच्या एका उत्तरात मी ओघात लिहून गेलो की, ब्रिटनमध्ये एखादं गाव 'सिटी' आहे की नाही हे राजा ठरवतो. एकाने तर विचारलंय, चौतीस वर्षं नगरपरिषदेत टिपण्या लिहिलेल्या माणसाने राजेरजवाड्यांच्या भानगडीत पडावंच कशाला? पडावं लागतं हो. लेक तिकडे केंटमध्ये गिलिंगहॅमला असते. दोन उन्हाळे तिच्याकडे काढलेत. जावई म्हणतात, बाबांना किल्ला बघायला नेलं तरी ते आधी नोटीसबोर्ड वाचतात. खरं आहे.

प्रश्न : माझा मुलगा साउथएंडला नोकरी करतो. तो गेला तेव्हा ते टाऊन होतं, आता सिटी झालं म्हणतो. पण घरभाडं तेच, बस तीच, कचऱ्याची गाडीही ठरल्या वारीच येते. मग झालं काय? आणि लोकशाही असताना हे राजा कसं ठरवतो?
– एक वाचक, मिरज

झालं एवढंच, की कागद आला. निधी वाढत नाही, अधिकार वाढत नाहीत, कौन्सिलला एक शिपाईसुद्धा जास्तीचा मिळत नाही. मुलाचं निरीक्षण चोख आहे.

मराठीत आपली एक अडचण होते. गाव आणि शहर हा फरक आपल्याला कळतो. तिकडचा टाऊन आणि सिटी हा फरक त्या जातीचा नाही. रेडिंग घ्या. आयटीतली कितीतरी मराठी कुटुंबं तिथे राहतात, वस्ती दीड लाखाच्या वर, स्टेशन असं की आपलं कल्याण आठवावं. तरी ते टाऊनच. त्यांनी वारंवार अर्ज केले, दरवेळी नकार. उलट वेल्समधलं सेंट डेव्हिड्स दोन हजार वस्तीच्याही आत आहे, आणि ते सिटी.

आता राजाचं. सिटीचा दर्जा देणं हा राजाचा विशेषाधिकार आहे. त्यासाठी संसदेत कायदा करावा लागत नाही आणि नाकारलं म्हणून दाद मागायला वरची पायरीही नाही. पण राजा नकाशा पुढ्यात घेऊन बोट ठेवतो असं समजू नका. अर्ज सरकारकडे जातात, मंत्री शिफारस करतात आणि राजा त्या शिफारशीप्रमाणे संमती देतो. आपल्याकडच्या कुठल्याही शासन निर्णयाच्या तळाशी काय छापलेलं असतं? 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. तो निर्णय राज्यपालांनी रात्री जागून लिहिला असं कोणी मानतं का? तसंच ते. आणि आपण हसायचंही कारण नाही, राजा गेला तरी आपल्या गॅझेटचं नाव अजून 'राजपत्र'च आहे.

कागदाला 'लेटर्स पेटंट' म्हणतात. पेटंट म्हणजे उघडं. बंद लखोट्यातलं खासगी पत्र नव्हे, कुणीही वाचावं असं खुलं पत्र. आपला जुना शब्द सनद, तो इथे फिट बसतो. राजा सही करतो ती वॉरंटवर, म्हणजे 'सनद काढा' या हुकुमावर. खुद्द सनदेवर उमटते ती राज्याची महामुद्रा. शिक्कामोर्तब हा शब्द आपण उठता-बसता वापरतो. तिथे अजून ते अक्षरशः करतात.

राजा स्वतःहून कधी मध्ये पडलाच नाही असंही नाही. १९०७ पासून गृहखात्याचा एक अंतर्गत दंडक होता : वस्ती ३ लाख हवी, कारभार चांगला हवा आणि गावाला स्वतःचा असा शहरी तोंडवळा हवा. (३ लाख! आपल्याकडे महापालिकेचा विषय निघाला की पहिला आकडा हाच निघतो. त्यांनी तो कुठून आणला आणि आपण कुठून आणला, देव जाणे.) चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं स्टोक-ऑन-ट्रेंट त्या आकड्याला जरासं कमी पडलं. खात्याने अर्ज फेटाळला. गावकऱ्यांनी मग थेट पाचव्या जॉर्जकडे शब्द टाकला. जून १९२५ मध्ये राजा तिथे गेला आणि जाहीर करून आला. खात्यातल्या त्या टेबलावरच्या माणसाचं तोंड कसं झालं असेल, हे मला न बघताही सांगता येईल. साहेबांनी परस्पर 'हो' म्हटलेल्या फाइलवर मागाहून टिपणी मी बऱ्याचदा लिहिली आहे.

तुमच्या मुलाच्या साउथएंडची गोष्ट मात्र दुःखाची. तिथले खासदार सर डेव्हिड एमेस यांनी साउथएंडला सिटी करा, हा धोशा वर्षानुवर्षं लावला होता. विषय कुठलाही असो, ते गाडी तिथे आणायचे. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी मतदारांच्या गाठीभेटी सुरू असताना त्यांचा खून झाला. तीनच दिवसांनी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसदेत सांगितलं की, राणीने साउथएंडला सिटीचा दर्जा द्यायला मान्यता दिली आहे. १ मार्च २०२२ ला तेव्हाचे युवराज चार्ल्स सनद घेऊन तिथे गेले. मुलाला म्हणावं, कचऱ्याची गाडी त्याच वारी येते हे ठीक, पण हा कागद त्या गावाने फुकट मिळवलेला नाही.

प्रश्न : काका, आमचे सर म्हणाले की जिथे कॅथेड्रल तिथे सिटी. निबंधात हेच लिहू का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

सरांचं निम्मं बरोबर आहे. निम्मे मार्क हवे असतील तर लिही.

कॅथेड्रल म्हणजे बिशपचं मुख्य चर्च. आठव्या हेन्रीने मठ मोडले आणि १५४० च्या सुमारास सहा नवे बिशप नेमले : चेस्टर, ग्लॉस्टर, पीटरबरो, ब्रिस्टल, ऑक्सफर्ड आणि वेस्टमिन्स्टर. ही सहाही ठिकाणं सिटी झाली. तिथून लोकांच्या डोक्यात हे समीकरण पक्कं बसलं. गंमत वेस्टमिन्स्टरची. तिथलं बिशपपद दहा वर्षांत रद्द झालं, सिटी मात्र आजतागायत आहे.

एकोणिसाव्या शतकात कारखान्यांची गावं फुगली, नवे बिशप आले आणि जुनं समीकरण पुन्हा चालू झालं. मँचेस्टरला १८४७ मध्ये बिशप मिळाला, १८५३ मध्ये सिटी. मग १८८९ ला बर्मिंगहॅमने ते मोडलं. (त्याविषयी शेवटी बोलतो, तिथे माझी जरा अडचण आहे.) केंब्रिज १९५१ मध्ये सिटी झालं, कॅथेड्रल तिथे आजही नाही. ब्लॅकबर्न, गिल्डफर्ड, बरी सेंट एडमंड्स या तिन्ही ठिकाणी कॅथेड्रल आहे, सिटी एकही नाही. चेम्सफर्डला १९१४ पासून बिशप होता, दर्जा मिळाला २०१२ मध्ये. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं प्रकरण प्रलंबित. सरांना हे दाखव, पण वर्गात सगळ्यांसमोर नको.

प्रश्न : आमच्या इचलकरंजीची महापालिका झाली २०२२ ला. त्याच वर्षी ब्रिटनच्या राणीने आठ गावांना सिटी केलं असं वाचलं. आमच्याकडे निदान आयुक्त तरी आले. त्यांच्याकडे काय आलं? आणि दिलेला दर्जा परत जाऊ शकतो का?
– एक वाचक भगिनी, इचलकरंजी

ताई, तुमच्याकडे जे झालं ते कायद्याने झालं. नगरपरिषदेचा कायदा सुटला, महापालिकेचा लागू झाला, मुख्याधिकाऱ्याच्या जागी आयुक्त बसले. तिकडे नुसतं नाव बदललं.

ती आठ गावं राणीच्या कारकिर्दीला ७० वर्षं झाली म्हणून निवडली. हल्ली ही रीतच पडली आहे : राजघराण्यात काही साजरं होत असलं की स्पर्धा लावायची. १९७७ ला डर्बी, २००२ ला प्रेस्टन, न्यूपोर्ट आणि आणखी तीन, २०१२ ला चेम्सफर्ड, पर्थ आणि सेंट असाफ. २०२२ च्या यादीत डॉनकॅस्टर, कोलचेस्टर, मिल्टन कीन्स, रेक्सहॅम, डनफर्मलिन, उत्तर आयर्लंडमधलं बँगर, आइल ऑफ मॅनवरचं डग्लस आणि पार दक्षिण अटलांटिकातलं स्टॅनली. डॉनकॅस्टरचा तो चौथा प्रयत्न होता. त्याच सप्टेंबरात राणी गेली. दुखवटा संपल्यावर राजा म्हणून चार्ल्स पहिल्यांदा सार्वजनिक कामाला बाहेर पडले ते ३ ऑक्टोबरला, डनफर्मलिनला सिटी झाल्याच्या समारंभासाठी. आईच्या नावाने निघालेलं काम मुलाने पुरं केलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. दर्जा जातो. मी तो गेलेलं गाव बघून आलोय, लेकीच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर.

रॉचेस्टर. मेडवे नदीच्या वळणावर नॉर्मन किल्ल्याचा चौकोनी बुरूज, त्याच्या समोर इसवी सन ६०४ मध्ये स्थापन झालेलं कॅथेड्रल. इंग्लंडात त्याहून जुनी गादी एकच, कँटरबरीची. खाली हाय स्ट्रीट, अरुंद, वाकडी लाकडी घरं, जुन्या पुस्तकांची दुकानं. मी आणि हिने किल्ल्याच्या हिरवळीवर बसून थर्मासातला चहा प्यायला, सोबत लेकीने करून दिलेल्या दशम्या होत्या. समोर चौदाशे वर्षांचं कॅथेड्रल दिसत होतं आणि लेक सहज म्हणाली, "बाबा, ही सिटी होती. कागद करायचे राहिले म्हणून गेली."

माझा घास हातातच राहिला.

झालं असं. १९७४ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये कौन्सिलांची फेररचना झाली, रॉचेस्टर शेजारच्या चॅटमबरोबर एका मोठ्या कौन्सिलात गेलं. तेव्हा दर्जाची काळजी घेतली गेली, १९८२ मध्ये त्यासाठी वेगळी सनदही निघाली. मग १९९८ ला पुन्हा विलीनीकरण. या वेळी गिलिंगहॅमही मिसळून मेडवे नावाचं नवं कौन्सिल झालं. जुनं कौन्सिल विसर्जित.

इथे खोच आहे. सिटीचा दर्जा हवेत नसतो, सातबाऱ्यासारखा कुणाच्या तरी नावावर असतो. ज्याच्या नावावर आहे ते कौन्सिलच संपलं, तर वारस लागतो. तिकडच्या कायद्यात त्याची सोय आहे. 'चार्टर ट्रस्टी' नेमायचे. म्हणजे कोण? बाहेरचं कुणी नाही, त्या भागातून निवडून आलेले नगरसेवकच. काम काय, तर जुनी सनद, मानचिन्हं आणि मेयरपद सांभाळायचं. बाथ शहराचं १९९६ मध्ये असंच विलीनीकरण झालं. त्यांनी ट्रस्टी नेमले, बाथ आजही सिटी आहे. रॉचेस्टरच्या मावळत्या कौन्सिलने नेमले नाहीत. ना राजाने काढून घेतलं, ना संसदेने. वारसनोंद झाली नाही आणि मिळकत बेवारस ठरली.

याहून कहर म्हणजे चार वर्षं कुणाला पत्ताच नव्हता. २००२ मध्ये उघडकीस आलं की सिटींच्या अधिकृत यादीत रॉचेस्टर नाहीच. मग धावपळ. मेडवेने पुढे २०१२ आणि २०२२ ला अर्ज केले, दोन्ही वेळा दुसऱ्यांचीच नावं जाहीर झाली.

तुम्ही म्हणाल, यात एवढं घास अडकण्यासारखं काय? सांगतो. माझ्या नोकरीत, गावाचं नाव सांगत नाही, हद्दवाढीचा एक प्रस्ताव माझ्या टेबलावरून वर गेला. ठराव एकमताने मंजूर, इतिवृत्त कायम झालेलं, हरकती-सूचना निकाली. नकाशाच्या चार प्रती जोडायच्या होत्या. चौथ्या प्रतीवर सही राहिली. प्रस्ताव वरून त्रुटीत परत आला, आवकमध्ये नोंद झाली आणि ट्रेमध्ये दुसऱ्या एका जाड फाइलखाली सरकला. अकरा महिन्यांनी सापडला. तोवर आचारसंहिता, मग निवडणूक, मग नवे लोक, त्यांना हद्दवाढ नको. तीन वाड्या बाहेर राहिल्या. त्यातल्या एका वाडीतल्या बायका पुढची सात वर्षं टँकरच्या पाण्यावर काढत होत्या, आणि माझ्या घराच्या गच्चीवरून तो टँकर दिसायचा. सही माझी नव्हती, ट्रे माझा होता.

म्हणून त्या हिरवळीवर मी लेकीला पहिला प्रश्न विचारला तो, ट्रस्टी नेमायला खर्च किती येतो? ती हसली. तिला वाटलं, बाबा थट्टा करताहेत. अर्ध्या पानाचा ठराव असेल, ताई. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. मार्च संपत आलेला, विलीनीकरणाची धांदल, कुणाला कुठलं केबिन, कुणाची सेवाज्येष्ठता धरायची, संगणक कुणाचे, गाड्या कुणाच्या. त्यात मानचिन्हांचं आणि सनदेचं बोलणारा माणूस म्हणजे कुचेष्टेचा विषय. ते ऑफिस मी पाहिलेलं नाही, पण तो मार्च महिना मला ओळखीचा आहे.

संध्याकाळी परतताना हाय स्ट्रीटवरच्या एका चहाच्या दुकानात शिरलो. मालकीणबाईंना लेकीने विचारलं, ही सिटी की टाऊन? बाई कप पुसत होत्या, पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, तुम्ही कुठून आलात? लेक म्हणाली, गिलिंगहॅमहून. त्यावर बाईंनी जे तोंड केलं, ते इचलकरंजीच्या माणसाला कोल्हापूरविषयी विचारून बघा म्हणजे समजेल.

याच्या नेमकं उलटं जिब्राल्टरचं. त्यांनी २०२२ च्या स्पर्धेत रीतसर अर्ज केला. जुने दफ्तर तपासता कळलं की, राणी व्हिक्टोरियाने १८४२ मध्येच त्यांना सिटी करून ठेवलंय, अधिकृत यादीत चढवायचं तेवढं राहिलं. १८० वर्षं! तिथल्या ट्रेमध्ये केवढी जाड फाइल वर होती कोण जाणे.

प्रश्न : पण लंडन तर सिटी आहेच ना?
– एक वाचक, ठाणे

अख्खं लंडन नाही. त्याच्या पोटात दोन सिटी आहेत. एक 'सिटी ऑफ लंडन', म्हणजे बँकांची ती जुनी चौरस मैलभर पेठ, आणि दुसरी वेस्टमिन्स्टर, जिथे संसद आणि राजवाडा आहे. उरलेलं, जिथे बहुतेक लंडनवासी खरोखर राहतात, ते कागदोपत्री सिटी नाही. हे तिथल्या कुणाला सांगू नका, पटत नाही.

प्रश्न : आमच्या मुंबईला कुठल्या राजाने सिटी केलं?
– एक वाचक, गिरगाव

इंग्लंडच्या राजांनी मुंबईच्या नावाने कागद बरेच काढले. पोर्तुगीज राजकन्येशी लग्न ठरलं तेव्हा १६६१ च्या करारात मुंबई दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळाली. त्याला ती परवडेना. १६६८ मध्ये सनद काढून त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला १० पौंड भाड्याने. आजच्या चार्ल्सने २०२२ ला सनद पोचवली ती साउथएंडला आणि त्या चार्ल्सने काढली ती मुंबईची. घराण्याचा धंदा जुना आहे.

१७२६ मध्ये पहिल्या जॉर्जच्या सनदेने मुंबईत, मद्रासेत आणि कलकत्त्यात मेयरची कोर्टं आली. १८३७ मध्ये मुंबईला बिशप मिळाला आणि फोर्टातलं सेंट थॉमस चर्च कॅथेड्रल झालं. नाशिकच्या मुलीने हे वाचलं तर ती लगेच विचारेल, मग सिटी? पण मुंबईचा कारभार उभा आहे तो १८८८ च्या कायद्यावर, आणि तो इथल्याच विधिमंडळात झाला. महापालिका आजही त्याच कायद्याने चालते. 'भारतातली पहिली नगरी' अशा अर्थाचं लॅटिन बोधवाक्य मुंबईने मिरवलं. ते मात्र मुंबईचं मुंबईनेच. गिरगावकरांना यात नवल वाटणार नाही.

दुरुस्ती

सोलापूरच्या एका निवृत्त इंग्रजी शिक्षिकांचं पोस्टकार्ड आलंय. मागच्या अंकात मी लिहिलं होतं की, 'बर्मिंगहॅमला आधी कॅथेड्रल मिळालं, म्हणून ते सिटी झालं'. बाई लिहितात, बर्मिंगहॅम सिटी झालं जानेवारी १८८९ मध्ये, आणि तिथे चर्च ऑफ इंग्लंडचा बिशप आला १९०५ ला. कॅथेड्रल नसताना केवळ आकार आणि कारभार यांच्या जोरावर दर्जा मिळवणारं इंग्लंडातलं ते पहिलं गाव. बाईंचं बरोबर आहे. प्रूफं मी तपासली होती, मुद्रकांचा दोष नाही. पोस्टकार्ड आवकला नोंदवलं असून उत्तर आजच जावक केलं आहे.